बाळाची उंची भरत नाही तेव्हा…

मैत्रिणींनो, आमचं गाव कर्जत म्हटलं की मुंबईकडच्या बायकांचे डोळे लकाकतात. "अय्या, मग मज्जाच आहे तुमची! इमॅजिका तर अगदी दाराशी!" मग मला दर वेळी सांगावं लागतं, की बाई गं, ते कर्जत रायगडातलं. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेलं ते भलंमोठं थीम पार्क त्या कर्जतकरांच्या दाराशी. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. इथून ते पार्क दोनशे किलोमीटरांहून लांब. आमच्या दाराशी आहेत ज्वारीची रानं, उघडं माळ आणि मे महिन्यात डोकं भणभणवणारं ऊन.

अशा गावात दोन वर्षांचं मूल घेऊन सुट्टी काढणं म्हणजे काय, ते ज्या आयांनी काढली त्यांनाच ठाऊक! संध्याकाळ झाली की धाकटी दारात चपला आणून ठेवणार आणि म्हणणार, "भुर्र?" आता भुर्र जायचं कुठं? एक दिवस देऊळ, एक दिवस एस.टी. स्टँडवर लाल गाड्या मोजणं, एक दिवस मावशीकडे. चौथ्या दिवशी पुन्हा देऊळ! त्यात थोरला नऊ वर्षांचा. त्याच्या वर्गातली दोन मुलं थीम पार्कला जाऊन आलेली. तो रोज त्यांच्या गोष्टी ऐकून यायचा आणि रोज घरात पाय आपटायचा.

शेवटी गेल्या मे महिन्यात ठरलं. नणंदबाई नि त्यांचे यजमान, त्यांची दोन मुलं, सासूबाई, आम्ही दोघं आणि आमची दोन. नऊ जणांसाठी जीप ठरवली आणि दूरच्या एका मोठ्या थीम पार्कला निघालो. त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण त्या दिवशी जे चुकलं ते पार्कचं नव्हतं, आमचंच होतं. तुमचं चुकू नये म्हणून सांगते आहे.

दारावरची पट्टी

पहाटे तीनला उठून दशम्या केल्या, दहीभात बांधला, दुपटी, लंगोट, पाण्याच्या बाटल्या, औषधं, सगळं भरलं. तिथं पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मुलं नुसती उड्या मारत होती.

पहिल्याच पाळण्यापाशी एक रंगीत पट्टी उभी. त्यावर रेघ. मूल त्या रेघेपर्यंत भरलं तरच आत सोडायचं. आमची धाकटी मोठ्या ऐटीत पट्टीला पाठ लावून उभी राहिली. डोकं रेघेच्या एक वीत खाली! दुसऱ्या पाळण्यापाशी तेच, तिसऱ्यापाशी तेच. तिला वाटलं, पट्टीपाशी उभं राहणं हाच खेळ आहे. ती खूश होती. माझा मात्र चेहरा उतरत चालला.

"तू थांब हिच्याजवळ, आम्ही एक चक्कर मारून येतो," असं म्हणून सगळे आत गेले. जाताना मोबाईल, पाकिटं, चष्मे, टोप्या माझ्या ओटीत. एक चक्कर झाली, दुसरी झाली. जेवायच्या वेळेपर्यंत मी चार बाकडी बदलली होती. दर वेळी वेगळ्या पाळण्यासमोरचं बाकडं, पिशव्या त्याच आणि मीही तीच. मधेच अस्वलाचं सोंग घेतलेला माणूस हात हलवत आला. थोरल्यानं त्याच्याबरोबर फोटो काढला, धाकटीनं मात्र असा टाहो फोडला, की बिचारं अस्वलच घाबरून मागं सरलं. दुपारी तिची झोपेची वेळ झाली. पण वर कर्ण्यांचा ढणढणाट, खाली तापलेली फरशी. झोपणार कुठं? ती रडायला लागली ती लागलीच. हे म्हणाले, "एवढे पैसे भरून आलो, आणि ही सारखी किरकिर करतेय." पैसे आपण भरले हे तिला कुणी सांगितलं होतं?

आणि मग ते झालं.

चौथ्या बाकड्यावर मी बसले होते. ओटीतला मोबाईल वाजला, तो उचलायला गेले तर पाण्याची बाटली सांडली. पिशवी भिजू नये म्हणून वाकले, दुपटं बाजूला केलं, आणि मान वर करते तो शेजारी धाकटी नाही.

मैत्रिणींनो, पुढची चार मिनिटं मी तुम्हांला सांगू शकत नाही. चारच असतील, पण अजून रात्री कधी कधी जाग येते. गर्दीत सगळ्याच पोरी पिवळ्या झग्यातल्या दिसायला लागतात. मी हाका मारत धावत होते. पिशव्या, पाकिटं, मोबाईल सगळं बाकड्यावर तसंच.

ती सापडली पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली. गुडघ्यांवर बसून गळक्या थेंबांखाली ओंजळ धरत होती. झाडणाऱ्या एका बाईंनी तिचा दुसरा हात घट्ट पकडून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. पाण्याच्या आवाजानं आलीया. लेकरं पाण्याकडंच जात्यात." त्या नळापासून वीस पावलांवर शोभेचं कारंजं होतं, खाली हौद. हौद फार तर गुडघाभर खोल. पण गुडघाभर कुणाच्या? आपल्या. तिच्या तर कमरेच्या वर.

सगळे गोळा झाले. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझं लक्ष कुठं होतं?"

मी तिथं काही बोलले नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मुलं झोपली, तेव्हा बोलले. "आपण मोठी माणसं पाच जण गेलो होतो. मग लक्ष एकटीचंच का विचारता?" जीपमध्ये कुणीच काही बोललं नाही. जरा वेळानं मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. तू लहान असताना यात्रेत मीही अशीच बसत होते, तुला मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या चपला सांभाळत. जन्मात पाळण्यात कधी बसले नाही." ह्यांनी मान खाली घातली. मला तर रडूच आलं.

ही पट्टी असते तरी कशाला?

घरी आल्यावर राग निवला आणि मी जरा विचार करू लागले. कित्येकजणी त्या पट्टीपाशी हुज्जत घालतात. "अहो, आम्ही हिला मांडीवर घेतो ना!" काही तर पोरांना जाड तळव्याचे बूट घालून नेतात. असं कधीही करू नका. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ८८ सेंटिमीटर असते. मोठ्या पाळण्यांना बहुधा १२० सेंटिमीटरांची अट असते, कुठं १४० सुद्धा. १२० सेंटिमीटर उंची यायला मूल सातेक वर्षांचं व्हावं लागतं. पाळण्यात बसल्यावर कमरेवर किंवा खांद्यांवरून जो दांडा येतो, तो ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो. लहानग्याच्या अंगावर तो बसला तरी खाली फट राहते, आणि गाडी उसळली की मूल त्या फटीतून सरकतं. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मानेचे स्नायू कोवळे. आपल्याला जो गंमतीचा हिसका, तो त्याच्या मानेला धोक्याचा. मांडीवर घेतलं तर आणखी वाईट. हिसका बसला की आपल्या हातांत त्याला धरून ठेवायचं बळच राहत नाही.

बऱ्याच पार्कांत तिकीटही वयावर नसतं, उंचीवर असतं. एका मापाच्या आतल्या मुलाला पैसे पडत नाहीत. आपल्याला वाटतं, वा, फुकट! पण फुकट याचा अर्थ हाच, की आत तुमच्या बाळासाठी फारसं काही नाही. ते वाचलेलं तिकीट कुणीतरी दिवसभर बाकड्यावर बसून फेडतं. कोण, ते सांगायला नकोच.

गंमत अशी, की ही थीम पार्कची कल्पना निघाली तीच मुळी बाकड्यावरून. अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्ने यांचं नाव तुम्हांला ठाऊक आहेच. ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसवायला नेत. मुली चक्रीवर आणि हे बाकड्यावर शेंगा खात. तिथं त्यांच्या मनात आलं, की आईबाप आणि मुलं यांना बरोबरीनं मजा करता येईल अशी जागा का असू नये? त्यातून १९५५ सालच्या जुलैत डिस्नेलँड सुरू झालं. आपल्याकडे मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड निघालं. तुमच्यापैकी कितीतरी जणी शाळेच्या सहलीबरोबर बोटीतून तिथं गेल्या असतील. ते २०२२ साली बंद झालं. आमच्याच जिल्ह्यात शिर्डीला साई तीर्थ आहे, शेजारी पाण्याचं पार्क आहे. कल्पना बाकड्यावरच्या बापाला सुचली आणि जगभर गेली, बाकडं मात्र आयांच्या वाट्याला आलं. त्याला तोड एकच, ती म्हणजे बाकड्याच्या पाळ्या लावणं.

पाळ्या लावा!

घरात पाणी येण्याच्या वेळा असतात, दळणाची पाळी असते, मग बाळ सांभाळायची का नसावी? निघायच्या आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर ठरवा. मोठी माणसं पाच असतील तर तासातासाच्या पाच पाळ्या. ज्याची पाळी, त्याच्याकडे फक्त बाळ. पिशव्या नाहीत, पाकिटं नाहीत, मोबाईल नाही. हे फार महत्त्वाचं. माझं लक्ष गेलं ते बाटलीनं आणि फोननं. सामान ठेवायला पार्कात भाड्यानं कपाटं मिळत असतील तर तेवढे पैसे खुशाल खर्च करा, नाहीतर सामानाची पाळी दुसऱ्याकडे द्या. आणि पाळी संपली की तोंडानं सांगून बाळ हातात द्यायचं. "आता तुमच्याकडे हं!" नाहीतर मूल हरवतं तेव्हा दोघांनाही वाटत असतं, की ते दुसऱ्याजवळ आहे.

काहीजणी म्हणतील, "आमच्याकडे पुरुषांजवळ मूल राहतच नाही हो." एका तासानं काही होत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत रडेल, मग बापाच्या मिशा ओढेल, नाहीतर चष्मा. आमच्याकडे तसंच झालं, पुढं सांगतेच.

दोन वर्षांच्या जिवाला काय आवडतं?

परत आल्यावर मी धाकटीला विचारलं, "बागेत काय बघितलंस गं?" एवढी मोठी बाग, आकाशाला टेकलेले पाळणे, अस्वल, कारंजी. ती म्हणाली, "नळ."

मी हसले, पण खरं सांगते, त्या एका शब्दानं मला जे कळलं ते त्या दिवशी पाचही मोठ्यांना कळलं नव्हतं. या वयाच्या मुलाला उंचावरून पडण्याची मजा नको असते. त्याला हवं असतं ते स्वतःच्या हातानं काहीतरी घडवणं, आणि पुन्हा पुन्हा घडवणं. थेंब पडतो, हात धरला की ओला होतो, पुन्हा पडतो. तीन पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, वीस वेळा. कबुतर जवळ येतं, आपण धावलो की उडतं. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही. तेवढ्यातूनच ती शिकत असतात.

जुन्या बागा करणाऱ्यांना हे बरोबर उमगलं होतं. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी धावू लागली. वेग काय तिचा, तर आजोबा शेजारून चालत गेले तरी मागं पडायचे नाहीत! पण पिढ्यांनी तिच्यात बसायला हट्ट धरला. मुंबईच्या मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. चढायचं, खिडकीतून डोकवायचं, उतरायचं. एवढाच खेळ, आणि तिथून पोरं हलत नाहीत.

म्हणून मोठ्या पार्कात गेलात, तर आत शिरल्याबरोबर आधी लहानग्यांचा कोपरा शोधा. छोटी आगगाडी, हळू फिरणारी चक्री, बुटकी घसरगुंडी. सकाळी गर्दी मोठ्या पाळण्यांकडे धावते तेव्हा हा कोपरा रिकामा असतो. तो बाळाचा वेळ. चक्रीवर मोठं माणूस शेजारी उभं राहू देतात का ते विचारून घ्या. बाळ एकाच घोड्यावर सहा वेळा बसेन म्हणालं तर बसू द्या. "चल, अजून खूप बघायचंय" असं म्हणून ओढू नका. अंधारातले खेळ, कानठळ्या बसवणारे पडद्यावरचे देखावे या वयाला टाळलेलेच बरे. आत जायचंच असेल तर दाराजवळची जागा धरा, म्हणजे रडायला लागलं की उठता येतं.

निघण्यापूर्वी नि तिथं गेल्यावर

फोन करून चार गोष्टी आधीच विचारा. लहानग्यांसाठी कोणते खेळ आहेत नि त्यांना उंची किती लागते? बाळाचं खाणं आत नेऊ देतात का? अंगावर पाजायला, लंगोट बदलायला खोली आहे का? बाबागाडी मिळते का? वाटेतही असा आडोसा लागतोच. एस.टी. स्टँडवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असतो, तो विचारायला लाजू नका.

मुलांचं जेवण नि झोप घड्याळाप्रमाणे सांभाळा. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, त्यात दुपारची डुलकी आलीच. बारा ते तीन उन्हात फिरूच नका. सावलीत दुपटं अंथरा, गाणं म्हणा, झोपवा. ज्याची पाळी असेल त्यानंही तेव्हा पाय लांब करावेत.

खायला दहीभात, मऊ दशमी, केळं, मेतकूट-भात. लाह्या, फुटाणे, शेंगदाणे, मक्याचे भाजलेले दाणे लहान मुलाला देऊ नका. धावताना, हसताना दाणा श्वासनळीत अडकतो. पाणी मागायची वाट न पाहता अर्ध्या-अर्ध्या तासानं घोट-घोट पाजा. पिशवीत जलसंजीवनीच्या पुड्या असाव्यात. जुलाब-उलट्या लागल्या नि पुडी नसली, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं द्या. मूल मलूल पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, सहा तासांत लघवी झाली नाही, तर पार्क तिथंच सोडून डॉक्टरांकडे.

पोर हरवू नये म्हणून कपडे भडक रंगाचे घाला. आमचा पिवळा झगा होता, पण पिवळे बरेच निघाले. म्हणून सकाळी दारातच बाळाचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे "काय घातलं होतं?" या प्रश्नाला उत्तर तयार. दंडावर पेनानं आपला फोन नंबर लिहा. नाव मात्र लिहू नका, नाव वाचून हाक मारणारा परकाही मुलाला ओळखीचा वाटतो. चुकामूक झाली तर सगळ्यांनी कुठं जमायचं ते आत शिरतानाच ठरवा. आणि मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांत आधी पाण्याकडे धावा. हौद, कारंजं, टाकी, नाला. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही. आवाज येत नाही म्हणजे ठीक आहे, असं समजू नका.

पाण्याच्या पार्कात तर बाळ कायम हाताच्या अंतरावर हवं. दंडाला बांधायचे हवेचे फुगे मिळतात, ती खेळणी आहेत. त्यांच्या भरवशावर पाठ फिरवू नका.

गावातलं आपलं पार्क

आता तुम्ही म्हणाल, दर सुट्टीला कुठं एवढ्या लांब जायचं नि एवढे पैसे कुठून आणायचे? मीही तेच म्हणते. त्या सहलीनंतर मी आमच्या तालुक्याकडे दोन वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी बघायला शिकले.

कर्जतहून जवळच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. १९८० सालचं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. सकाळी उन्हं तापायच्या आत गेलं की गवतात कळप दिसतो. पिळाच्या शिंगांचे काळे नर, तांबूस माद्या, मधेच उगीच उड्या मारणारी पिल्लं. धाकटीनं बोट दाखवून "हंबा" म्हटलं, चालायचंच! तिथं गलका करायचा नाही, काही खायला घालायचं नाही, हे मात्र थोरल्याला बजावून न्यावं. राशीनला जगदंबेच्या देवळात हलत्या दीपमाळा आहेत. एवढं दगडी-विटांचं काम हलतं म्हटल्यावर थोरला तासभर "का?" विचारत होता. सिद्धटेकला गणपतीचं दर्शन नि भीमेचा काठ. काठावर पोरीचा हात सोडायचा नाही, एवढं पथ्य.

नि काहीच जमलं नाही तर अंगण आहेच. घंगाळात चार बोटं पाणी, एक गाळणी, दोन वाट्या. रिकामं खोकं, त्याला दोरी, की झाली आगगाडी. थोरल्याला इंजिन करावं. पाण्याशी खेळताना मात्र जवळच बसा आणि खेळ संपला की घंगाळ लगेच पालथं घाला.

एक गोष्ट विसरू नका. मोठ्या पार्कात पट्टी असते, पट्टीशेजारी "नाही" म्हणणारा माणूस असतो. गावच्या यात्रेत बहुतेक ना पट्टी, ना तो माणूस. पाळणेवाल्याला गिऱ्हाईक हवं असतं, तो म्हणतो, "बसवा की ताई, काही होत नाही!" तिथं पट्टी आपणच व्हायचं. पाळण्याला अडसराची साखळी आहे का, पाळणा पुरता थांबल्यावरच माणसं उतरवतात का, वायरी उघड्या पडल्यात का, हे बघायचं. मन कचरलं तर पोरीला रडू द्यावं, पण बसवू नये.

आणि शेवटी पाळणा

आमच्या कर्जतला आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, ग्रामदैवत संत सद्गुरू गोदड महाराजांचा रथ निघतो. सगळं गाव रस्त्यावर. यंदा यात्रेला जायच्या आदल्या रात्री जेवताना ह्यांनी स्वतःहून विषय काढला. म्हणाले, "उद्या पहिली पाळी माझी. धाकटी माझ्याकडे, आणि माझा मोबाईल तुझ्याकडे. फक्त बाकड्यावर बसू नकोस." मी चकित झाले. जीपमधल्या त्या रात्रीनंतर या विषयावर आम्ही एक अक्षरही बोललो नव्हतो.

रथाचं दर्शन झालं. मग हे धाकटीला खांद्यावर घेऊन फुगेवाल्याकडे गेले. ती पाच मिनिटं "आई, आई" करत राहिली, मग तिनं त्यांचा चष्मा ओढला आणि गप्प झाली. मी नि सासूबाई उरलो. आकाशपाळण्यासमोर त्या उभ्याच राहिल्या. मी साखळी बघितली, माणसं उतरवताना बघितली, मग विचारलं, "आई, बसता का?"

"इश्श! या वयात?" म्हणाल्या, पण पदर खोचला. त्यांना रक्तदाबाचा त्रास नाही, कंबरही धड आहे. दोन तिकिटं काढली. पाळणा वर गेला तसा त्यांनी माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. वरून सगळं गाव दिसत होतं. रथ, दिव्यांच्या माळा, गर्दी, आणि खाली ह्यांच्या खांद्यावर एवढुशी पिवळी पोर, फुगा हलवत. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, उघडा डोळे, नात दिसतेय बघा." त्यांनी उघडले आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

खाली उतरल्यावर त्या ह्यांना म्हणाल्या, "अजून एक फेरी आहे आमची. धर तिला नीट."

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा सुट्टीत कुठंही जा, पार्कला, यात्रेला नाहीतर नुसतं अंगणात. बाळाला त्याचा नळ मिळू द्या. आणि पाळीचा कागद लिहाल, तेव्हा पाळण्यात बसणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव घालायला विसरू नका. घरात सासूबाई असतील, तर त्यांचंही.